रबर-स्टार्च मिश्रण जुनं कसं होतं आणि कुजतं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबर-स्टार्च मिश्रण म्हणजे नक्की काय?

नैसर्गिक रबरात मका, टॅपिओका, बटाटा किंवा तांदूळ यांचं स्टार्च मिसळून केलेलं कंपाउंड. करण्याच्या वाटा दोन. कोरड्या वाटेत रबर टू-रोल मिलवर, म्हणजे दोन फिरत्या रुळांमध्ये, मऊ करून त्यात वाळवलेली स्टार्च पावडर चढवतात. दाणे शाबूत राहतात आणि रबरात रुतून बसतात. ओल्या वाटेत ६०% रबर असलेल्या लॅटेक्समध्ये (रबराच्या चिकात) शिजवलेली स्टार्चची खळ घालतात आणि फिल्म ओतून वाळवतात. इथे दाणा फुटलेला असतो, त्यामुळे स्टार्च रबराच्या कणांभोवती पसरतं आणि पाणी व विकरं त्याच्यापर्यंत लवकर पोचतात.

मक्याचा दाणा साधारण ५ ते २५ मायक्रॉन, तांदळाचा ३ ते ८, बटाट्याचा १०० मायक्रॉनपर्यंत. रबराला बळ देणाऱ्या कार्बन ब्लॅकचे (काजळीचे) कण याहून कितीतरी बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजायचे. म्हणूनच स्टार्चचा दाणा रबराला बळ देत नाही, बहुतेक वेळा ताणशक्ती कमीच करतो. स्टार्चमुळे मजबुती वाढल्याचा दावा दिसला तर आधी दाणा किती बारीक केला आहे आणि रबराशी बांधायला काय वापरलं आहे ते विचारा.

खाली जिथे 'भाग' म्हटलं आहे तिथे रबराच्या १०० भागांमागे वजनाने तितके भाग समजावेत.

जुनं होणं आणि कुजणं यात फरक काय?

जुनं होणं म्हणजे ऑक्सिजन, ओझोन, ऊन, उष्णता आणि ओलावा यांनी होणारी झीज. सूक्ष्मजीव नसले तरी ती होते. कुजणं म्हणजे सूक्ष्मजीवांनी त्यातला कार्बन खाऊन कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि स्वतःची वाढ यांत बदलणं. तुकडा भुगा झाला म्हणजे कुजला असं नाही. भुग्यातलं रबर अजून रबरच असू शकतं.

या मिश्रणातली खरी अडचण अशी की यात दोन पदार्थ दोन वेगळ्या गतींनी जातात. स्टार्च काही आठवड्यांत संपू शकतं, रबराला महिने ते वर्षं लागतात. पुढे येणाऱ्या जवळपास प्रत्येक गोंधळाचं मूळ इथेच आहे.

स्टार्च किती घातलं तर कुजणं आतपर्यंत पोचतं?

कमी स्टार्चमध्ये प्रत्येक दाणा रबराने वेढलेला असतो आणि पृष्ठभागावरचे दाणे सोडले तर आतले सुरक्षित राहतात. दाणे एकमेकांना टेकून बाहेरपासून आतपर्यंत सलग वाट तयार होण्यासाठी स्टार्च आकारमानाने साधारण ३०% लागतं. लक्षात घ्या, आकारमानाने, वजनाने नव्हे. स्टार्चची घनता १.५ आणि रबराची ०.९३ धरली तर हिशेब असा येतो:

| स्टार्चचे भाग | वजनाने | आकारमानाने |
|---|---|---|
| २० | १६.७% | ११% |
| ४० | २८.६% | २०% |
| ७० | ४१.२% | ३०% |
| १०० | ५०% | ३८% |

म्हणजे '३०% स्टार्च' असं वजनाने लिहिलेल्या कंपाउंडमध्ये सलग वाट बहुधा नाहीच. सीमारेषा ७० भागांच्या आसपास पडते. ही संख्या दाणे एकसारखे विखुरलेत असं धरून आहे. गुठळ्या झाल्या असतील तर काही भागांत वाट तयार होते आणि काही भाग तसेच राहतात; पुरलेला तुकडा मग ठिगळाठिगळाने कुजतो. मोल्डमधून काढलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागावर बहुधा रबराचा अखंड पातळ थर असतो, तो वेगळाच अडथळा. कापलेली कड नेहमी आधी कुजते ती याच कारणाने.

स्टार्च कुजतं तेव्हा नक्की काय होतं?

आधी पाणी आत शिरतं आणि दाणा फुगतो. मग अल्फा-अमायलेज हे विकर स्टार्चची साखळी मधूनच तोडतं, ग्लुकोअमायलेज हे दुसरं विकर टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवतं आणि तो ग्लुकोज जिवाणू-बुरशी खातात. याला ऑक्सिजन लागतोच असं नाही. हवाबंद चिखलातही स्टार्च जातं.

शिजवलेलं स्टार्च कच्च्या दाण्यापेक्षा लवकर जातं. कच्च्यातही मक्यासारख्या धान्याचा दाणा सोपा आणि बटाट्याचा अवघड, कारण त्यांची स्फटिकरचना वेगळी. पण शिजवलेलं स्टार्च ठेवून दिलं की त्याच्या साखळ्या पुन्हा जुळून स्फटिक बनतात. अमायलोज (स्टार्चच्या सरळ साखळ्या) काही तासांपासून काही दिवसांत जुळतं, अमायलोपेक्टिन (फांद्या असलेल्या साखळ्या) काही आठवड्यांत. असं जुळलेलं स्टार्च विकरांना दाद देत नाही. ताज्या फिल्मचा आणि तीन महिने ठेवलेल्या फिल्मचा कुजण्याचा वेग सारखा येत नसेल तर संशय आधी इथे घ्या.

रबर खरंच कुजतं का? ते खाणारे कोण?

कुजतं, पण ते खाणारे थोडे आणि सावकाश. सूक्ष्मजीव रबर खातात हे १९१४ पासून छापील नोंदीत आहे. आज नीट अभ्यासलेले जिवाणू म्हणजे गॉर्डोनिया, नोकार्डिया, स्ट्रेप्टोमायसिस आणि स्टेरॉइडोबॅक्टर कमिऑक्सिडान्स; हा शेवटचा आधी झँथोमोनास ३५वाय नावाने ओळखला जायचा. स्ट्रेप्टोमायसिस विकर बाहेर सोडतं, त्यामुळे लॅटेक्स मिसळलेल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) त्याच्याभोवती पारदर्शक कडं दिसतं. गॉर्डोनिया मात्र रबराला चिकटूनच वाढतो आणि कडं दाखवत नाही. फक्त कड्यावरून निवड केलीत तर हा गट हातचा जाईल.

काम करणारी विकरं मुख्यतः दोन: रॉक्स-ए आणि एलसीपी. दोन्ही रबराच्या साखळीतला दुहेरी बंध ऑक्सिजन घालून तोडतात. एका टोकाला अल्डिहाइड येतं आणि दुसऱ्याला कीटोन. रॉक्स-ए बहुतांशी तीन आयसोप्रिन घटकांचा (आयसोप्रिन म्हणजे रबराच्या साखळीचा एक दुवा), म्हणजे १५ कार्बनांचा तुकडा देतं. एलसीपी कमी-अधिक लांबीचे तुकडे देतं. छोटे तुकडे पेशीत जातात आणि तिथे खाल्ले जातात.

यातून एक गोष्ट थेट निघते: ऑक्सिजन नाही तर रबर तुटत नाही. दाबून भरलेल्या कचराभूमीत स्टार्चचं मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होतं आणि मागे रबराचा सच्छिद्र सांगाडा उरतो.

ही वाट सिस-१,४ पॉलिआयसोप्रिनची, म्हणजे नैसर्गिक रबराच्या रचनेची. ग्वायुले झुडुपातलं रबर याच रचनेचं, त्यामुळे त्यालाही हेच लागू. स्टायरिन-ब्युटाडाइन, नायट्राइल किंवा ईपीडीएम या कृत्रिम रबरांच्या बाबतीत या वाटेवर विसंबू नका. त्यांत स्टार्च घातलं तर फक्त स्टार्च कुजेल.

गंधकाने क्युअर केलेलं रबर का कुजत नाही?

अजिबात नाही असं नाही, पण दोन कारणांनी वेग फार पडतो. पहिलं, क्युअर म्हणजे साखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींना बांधणं; या बंधांमुळे साखळ्या हलत नाहीत आणि विकराच्या हाती लागत नाहीत. बंध जितके दाट तितका वेग कमी. दुसऱ्या कारणाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. टीएमटीडी हा नेहमीचा अ‍ॅक्सिलरेटर (क्युअरचा वेग वाढवणारं रसायन) म्हणजेच थायरम, जे बियाण्याला चोळायचं बुरशीनाशक आहे. झिंक डायमिथाइल डायथायोकार्बामेट म्हणजे झायरम, तेही बुरशीनाशक. तेव्हा कंपाउंडमध्ये आपण स्वतःच विष घालतो आणि मग ते कुजत का नाही म्हणून विचारतो.

पडताळणी सोपी आहे. त्याच शीटचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये सॉक्सलेटवर (उकळत्या द्रावकाने पुन्हापुन्हा धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) १६ तास धुऊन, पूर्ण वाळवून, न धुतलेल्यांशेजारी पुरा. धुतलेले स्पष्टपणे लवकर गेले तर दोष रसायनांचा. दोन्ही सारखेच राहिले तर आडवे बंध जास्त आहेत.

मग क्युअर कशाने करावं? झिंक ऑक्साइड चालेल का?

कंपोस्टमध्ये टाकायच्या वस्तूसाठी झिंक हाच बहुधा पहिला अडसर ठरतो. कंपोस्टमध्ये कुजणाऱ्या पॅकेजिंगच्या ईएन १३४३२ या युरोपीय मानकात कोरड्या वजनाच्या किलोमागे झिंकची मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे. आता नेहमीचं सूत्र घ्या: रबर १००, स्टार्च ७०, झिंक ऑक्साइड ५, बाकी १०, एकूण १८५. झिंक ऑक्साइडमध्ये ८०% झिंक, म्हणजे ४ भाग. किलोमागे हे २१,००० मिलिग्रॅमच्या वर जातं, मर्यादेच्या जवळपास दीडशे पट. झिंक ऑक्साइड अर्ध्या भागावर आणलं तरी पंधरा पट. मर्यादेत बसायचं तर ०.०३ भागांच्या वर जाता येत नाही, आणि तेवढ्याने गंधकाचं क्युअर नीट होत नाही. झिंक डायथाइल डायथायोकार्बामेटमध्येही १८% झिंक असतं. तो एक भाग घातला तरी मर्यादा ओलांडली जाते.

व्यवहारात उरतो तो पेरॉक्साइडचा पर्याय: डायक्युमिल पेरॉक्साइड १ ते २ भाग, १५५ ते १६० अंशांवर. यात अडचणी दोन. पेरॉक्साइड फुटून बनणाऱ्या अ‍ॅसिटोफिनोनचा वास शीटमध्ये राहतो, म्हणून नंतर ७० अंशांच्या हवेशीर ओव्हनमध्ये काही तास ठेवावं लागतं. आणि १७० अंशांच्या पुढे स्टार्च पिवळट-तपकिरी पडायला लागतं, त्यामुळे तापमान वाढवून वेळ वाचवण्याचा मोह टाळावा. लॅटेक्स फिल्मला फार ताण येणार नसेल तर क्युअर न करता ठेवणंही वाईट नाही. ती लवकर चिकट होते, पण कुजतेही लवकर.

मोल्डिंगमध्ये फुगे येतात, शीट स्पंजासारखी होते. का?

स्टार्च ओलं आहे. पोत्यातल्या स्टार्चमध्ये १० ते १४% पाणी असतं. नीट न वाळवता ३% राहिलं तरी ७० भाग स्टार्चमध्ये २.१ ग्रॅम पाणी झालं. १५० अंशांवर, साध्या दाबाला त्याची सुमारे चार लिटर वाफ होते. प्रेस बंद असताना ती आत दबून राहते आणि प्रेस उघडताच शीट फुगते.

पावडर १०५ अंशांवर, दोन सेंटिमीटरपेक्षा पातळ थरात, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. साधारण चार ते सहा तास. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि त्याच दिवशी वापरा. उघड्यावर ठेवलं तर ती हवेतला ओलावा परत ओढते आणि वाळवण्याचा खटाटोप फुकट जातो. मिलचे रोल ५० ते ६० अंशांवर ठेवून रबर आधी पाच-आठ मिनिटं मळा, मग स्टार्च तीन-चार हप्त्यांत घाला. मोल्ड बंद करताना प्रेस दोन-तीनदा किंचित उघडून हवा सोडा. एवढं करूनही फुगे आले तर मोल्ड ८० अंशांखाली गार करून मगच उघडा.

लॅटेक्समध्ये स्टार्च घातलं की गुठळ्या होतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा यांपैकी एक: कोरडी पावडर थेट टाकली आणि तिने लॅटेक्समधलं पाणी ओढून घेतलं, खळ गरम होती आणि अमोनिया उडून गेला, खळेचा पीएच कमी होता, किंवा पाणी जड होतं आणि त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने लॅटेक्स फाटलं.

चालणारी पद्धत अशी. १०० ग्रॅम कोरड्या रबरासाठी ६०% लॅटेक्स १६७ ग्रॅम घ्या. ३० ग्रॅम कोरडं स्टार्च म्हणजे १२% ओलावा असलेलं ३४ ग्रॅम. ते ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून एकूण ३०० ग्रॅम करा, ढवळत ८० ते ८५ अंशांवर अर्धा तास शिजवा आणि उडालेलं पाणी भरून काढा. फिल्म मऊ राहायला हवी असल्यास ९ ग्रॅम ग्लिसरीन इथेच घाला. ३५ अंशांपर्यंत गार करा, अमोनियाने पीएच १० वर आणा, ६० मेशच्या स्टीलच्या चाळणीतून गाळा आणि बारीक धारेने लॅटेक्समध्ये सोडा. ढवळणं मंद ठेवा. वेगाने ढवळलं तर फेस तरी होतो नाहीतर लॅटेक्स फाटतं. बुडबुडे बसेपर्यंत झाकून ठेवून मग ओता आणि ५० अंशांवर वाळवा.

भांडी किंवा चाळणी तांब्या-पितळेची नको. तांबं आणि मँगॅनीज रबराचं ऑक्सिडेशन भडकवतात. कच्च्या लॅटेक्सच्या मानकात दोन्हींची मर्यादा किलोमागे ८ मिलिग्रॅम आहे. एवढ्याशा प्रमाणावर मर्यादा घालावी लागते, यावरून त्यांचा उपद्रव ओळखावा. तांब्याच्या पातेल्यात शिजवलेल्या खळेची फिल्म काही महिन्यांत चिकट होऊन घडीला घडी बसते, आणि दोष उगाच स्टार्चवर जातो.

ठेवलेला माल चिकट का होतो? आणि कधी उलट कडक का?

नैसर्गिक रबराचं ऑक्सिडेशन सुरू झालं की साखळ्या तुटतात, म्हणून ते आधी मऊ आणि चिकट होतं. फार पुढे गेल्यावर कडक आणि ठिसूळ. पण या मिश्रणात कडकपणाचं दुसरं कारण जास्त वेळा दिसतं: शिजवलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जुळणं, किंवा नुसतं पाणी निघून जाणं. ओळखायचं कसं? तुकडा दोन दिवस ५०% आर्द्रतेत ठेवा. मऊ पडला तर फक्त वाळला होता. कडक राहिला तर स्टार्च जुळलं आहे किंवा रबर गेलं आहे. कड ताणून पाहा: बारीक भेगा उमटल्या तर रबर, नुसतीच ओढ जास्त लागली तर स्टार्च.

पृष्ठभागावर गोडसर, ओलसर थर आला असेल तर ते बाहेर आलेलं ग्लिसरीन आहे. ते हवेतलं पाणी ओढतं आणि त्यावर बुरशी बसते. स्टार्चच्या ३०% च्या वर ग्लिसरीन घालण्याआधी दोनदा विचार करावा. पांढरी कोरडी पूड असेल तर बहुधा गंधक किंवा (ग्लिसरीनऐवजी घातलं असेल तर) सॉर्बिटॉल. पाणी लागल्यावर फिल्म दुधी होणं आणि वाळल्यावर पुन्हा साफ होणं, ही झीज नाही. स्टार्च पाण्याने फुगल्याने प्रकाश विखुरतो एवढंच.

ताणलेल्या भागावर समांतर भेगा दिसतात.

ओझोन. भेगा ताणाच्या दिशेला काटकोनात असतील तर शंका नको. ताण नसलेल्या रबरावर त्या येत नाहीत, म्हणून माल घडी घालून किंवा ताणून ठेवू नका. ब्रश असलेल्या मोटारी, वेल्डिंग आणि अतिनील दिवे ओझोन सोडतात. त्यांच्या खोलीत साठा नको. दाणा आणि रबर एकमेकांपासून सुटलेल्या जागी भेग लवकर धरते.

टायरमध्ये ओझोनपासून बचावासाठी ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. कुजण्यासाठी बनवलेल्या वस्तूत ते घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याची ओझोनशी अभिक्रिया होऊन बनणारं क्विनोन कोहो जातीच्या सामन माशाला मारक असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. पृष्ठभागावर येणारं मेण पुरतं, मात्र फक्त स्थिर ताणासाठी. वस्तू सतत हलती असेल तर मेणाचा थर फुटतो.

अँटिऑक्सिडंट घालायचा की नाही?

घालायचा, पण वापराच्या मुदतीपुरता. काहीच नसेल तर फिल्म कपाटातच जाते. बीएचटीसारखा फिनॉल जातीचा ०.५ ते १ भाग पुरे. तो हळूहळू उडून जातो, आणि इथे तेच हवं आहे. चार-पाच भाग घालून वर 'लवकर कुजणारं' असं लिहिणं म्हणजे स्वतःशीच भांडण.

ओव्हनमध्ये वय वाढवून पाहिलं, ७० अंश, ७ दिवस. निकालाचा अर्थ काय लावायचा?

रबराचं वय उष्णतेने वाढवून पाहण्याच्या आयएसओ १८८ या मानकाच्या धर्तीवर हे ठीक आहे. दर १० अंशांना वेग दुप्पट या ढोबळ नियमाने ७० अंशांचे ७ दिवस म्हणजे २५ अंशांचे सुमारे १६० दिवस. मात्र हा नियम रबराच्या ऑक्सिडेशनपुरता, आणि तोही अंदाजापुरता.

स्टार्च असताना घात वेगळ्याच ठिकाणी होतो. ओव्हनमधून काढलेला तुकडा कोरडा ठणठणीत असतो. लगेच ताणला तर ताकद जास्त आणि लांबी कमी दिसते, आणि अहवालात 'वयाने कडक झालं' असं जातं. तुकडे २३ अंश आणि ५०% आर्द्रतेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. एक मिलिमीटर शीटला किमान ४८ तास. ओव्हनमध्ये न ठेवलेले तुकडेही त्याच खोलीत, तितकाच वेळ. शिवाय कोरडा ओव्हन दमट गोदामाचं काहीच सांगत नाही. त्यासाठी ४० अंश आणि ७५% आर्द्रतेचा वेगळा संच ठेवावा. ७५% आर्द्रता बंद डब्यात मिठाच्या संपृक्त द्रावणाने मिळते.

जमिनीत पुरून चाचणी कशी करायची?

१. २५ × २५ मिलिमीटर, १ मिलिमीटर जाडीचे तुकडे कापा. प्रत्येक मुदतीसाठी किमान पाच. ५० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ०.१ मिलिग्रॅमपर्यंत तोला.

२. माती २ मिलिमीटर चाळणीने चाळा. पीएच ६ ते ८. ओलावा तिच्या पाणी धरण्याच्या क्षमतेच्या ५०% च्या आसपास. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये.

३. तुकडे १ मिलिमीटर छिद्रांच्या नायलॉन पिशव्यांत, १० सेंटिमीटर खोल, एकमेकांना न टेकता. तापमान २५ ते २८ अंश. दर आठवड्याला डबा तोलून उडालेलं पाणी भरा.

४. शेजारी हे तीन संच पाहिजेतच: गाळणकागद, स्टार्च नसलेलं तेच रबर, आणि तीन दिवस रोज १२१ अंशांवर निर्जंतुक केलेल्या मातीत पुरलेलं तेच मिश्रण.

५. १५, ३०, ६०, ९० आणि १८० दिवसांनी काढा. मऊ ब्रशने पाण्याखाली धुवा, पुन्हा ५० अंशांवर वाळवून तोला. १०५ अंशांवर वाळवू नका. ग्लिसरीन उडतं आणि रबर ओव्हनमध्येच जुनं होतं.

गाळणकागद दोन महिन्यांत गेला नाही तर माती मेलेली आहे, चाचणी रद्द. निर्जंतुक मातीतली घट म्हणजे पाण्याने धुऊन गेलेला भाग. तो वजा न करता कुजण्याच्या खात्यात टाकणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. तुकड्याच्या छिद्रांत माती अडकून उलट वजन वाढलेलंही दिसतं. अशा वेळी तुकडा जाळून राख मोजा आणि तेवढी वजा करा. काही आठवड्यांनी वेग अचानक थांबला तर नायट्रोजन पाहा. स्टार्च आणि रबर दोघांतही तो जवळपास नसतो, आणि जिवाणूंना तो मातीतूनच घ्यावा लागतो.

वजन ४०% घटलं. जैवविघटनशील म्हणता येईल का?

७० भागांच्या मिश्रणात स्टार्चच ४१% आहे. तेव्हा ही घट एवढंच सांगते की स्टार्च गेलं.

कार्बनचा हिशेब याहून कडक आहे. एक ग्रॅम स्टार्च पूर्ण कुजलं तर १.६३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो. एक ग्रॅम रबरातून ३.२४ ग्रॅम. ७० भागांच्या मिश्रणात स्टार्चकडून ११४ आणि रबराकडून ३२४, एकूण ४३८. म्हणजे सगळं स्टार्च गेलं तरी आकडा २६% वर अडकतो. १०० भाग घातले तरी ३४% च्या आसपास. ईएन १३४३२ ला सहा महिन्यांत ९०% लागतं. आयएसओ १४८५५ (कंपोस्ट) किंवा आयएसओ १७५५६ (माती) या चाचण्यांच्या आलेखात रेषा झपकन चढून पंचवीस-तीस टक्क्यांवर सपाट झाली, तर रबराला कोणी हात लावलेला नाही असं समजावं.

महागडी यंत्रं नाहीत. काय पाहता येईल?

आयोडीन. पुरलेला तुकडा धुऊन धारदार ब्लेडने आडवा कापा. कापलेल्या कडेवर पातळ आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडचा एक थेंब, अर्धा मिनिट थांबा, टिपा आणि दहापट भिंगाखाली पाहा. मधला पट्टा निळा-काळा होतो. बाहेरच्या दोन कडा फिकट, रबराच्या रंगाच्या राहतात. फिकट पट्टीची रुंदी म्हणजे स्टार्च किती खोलवर संपलं ते. दर मुदतीला ती मोजली की वजनापेक्षा खरं चित्र मिळतं. पट्टी सुरुवातीला रुंदावून मग तिथेच थांबली, तर दाण्यांची सलग वाट आत पोचत नाही. वरच्या तक्त्याकडे परत जा.

रबरासाठी शिफचं अभिकर्मक वापरा. साखळी तुटून अल्डिहाइड आलं असेल तिथे जांभळा रंग येतो. न पुरलेला तुकडा शेजारी ठेवूनच पाहा, कारण जुन्या रबरातही हवेच्या ऑक्सिडेशनने थोडे अल्डिहाइड असतात.

एफटीआयआर आणि टीजीएमध्ये नेमकं काय शोधायचं?

एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध ओळखणारी चाचणी; आकडे सेंमी⁻¹ मध्ये) १००० ते ११५० चा पट्टा स्टार्चचा, ८३५ रबराच्या दुहेरी बंधाचा, १७१० ते १७४० कार्बोनिलचा. पहिला गेला आणि ८३५ जागेवर राहिला, तर फक्त स्टार्च गेलं. ८३५ उतरतोय आणि कार्बोनिल चढतोय, तर रबर तुटतंय. १६५० आणि १५४० ची जोडी दिसली तर ती पृष्ठभागावरच्या जिवाणूंची प्रथिनं; नीट न धुतल्याची खूण.

टीजीए (तुकडा तापवत जाऊन वजनातली घट मोजणारी चाचणी) नायट्रोजनमध्ये चालवा. स्टार्च ३०० ते ३२० अंशांच्या आसपास जातं, रबर ३७० ते ३८० ला. दोन पायऱ्यांच्या उंचीवरून उरलेल्या तुकड्यात काय किती आहे ते थेट कळतं. एकच चाचणी परवडत असेल तर आम्ही हीच सुचवू.

गरम कंपोस्टमध्ये जास्त लवकर कुजेल ना?

स्टार्च हो. रबराचं तसं नाही. औद्योगिक कंपोस्ट ५८ अंशांच्या आसपास चालवतात, आणि रबर खाणारे माहितीतले बहुतेक जिवाणू ३० अंशांच्या आसपास चांगले काम करतात. त्यामुळे गरम ढिगात स्टार्च संपून उरलेला रबराचा सांगाडा नंतरच्या थंड, सावकाश मुरण्याच्या काळात जातो, तेही ढीग पालटून हवा मिळाली तर. पाण्यात किंवा समुद्रात टाकून मोकळं होण्याची कल्पना सोडून द्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात लॅटेक्सचे फुगे १६ आठवडे औद्योगिक कंपोस्ट, गोडं पाणी आणि खाऱ्या पाण्यात ठेवले होते. तिन्हींकडे ते म्हणावे तसे कुजले नाहीत.

कोबाल्ट किंवा मँगॅनीजचे क्षार घालून लवकर तुटेल असं करता येईल का?

तुटेल, भुगा होईल. कुजणं त्यातून सिद्ध होत नाही, धातू मात्र मातीत राहतात. ऑक्सो-विघटनशील (म्हणजे असं काही घालून ऑक्सिडेशनने तुटेल असं केलेल्या) प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणायला युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून बंदी घातली ती याच कारणांनी.

टायरमध्येही स्टार्च वापरलं होतं म्हणतात. मग ते टायर कुजतात का?

नाही. गुडइयरने २००१ च्या सुमारास मक्याच्या स्टार्चपासून बनवलेलं बायोट्रेड नावाचं भरणद्रव्य टायरमध्ये आणलं, ते चाक रस्त्यावर घरंगळताना होणारा रोध आणि वजन कमी करण्यासाठी. दाट क्युअर, सिंथेटिक रबर आणि भरपूर अँटिऑक्सिडंट असलेल्या मिश्रणात ते थोडं स्टार्च कुजण्याच्या दृष्टीने नगण्य.

रबर आणि स्टार्च घट्ट बांधलं तर दोन्ही बाजूंनी फायदा नाही का?

एकाच बाजूने. एपॉक्सी केलेलं रबर, मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं रबर किंवा सायलेन वापरलं की ताणशक्ती सुधारते आणि पाणी कमी शिरतं. पाणी कमी शिरलं की विकरंही कमी शिरतात. वस्तू किती दिवस टिकायला हवी ते आधी ठरवा आणि तेवढंच बांधा. रोपाच्या कुंडीला आणि हातमोज्याला एकच सूत्र लावू नका.

भुगा करून पुरलं तर काम लवकर होईल का?

हो, बरंच. पृष्ठभाग वाढतो आणि रबराचा बाहेरचा अखंड थर तुटतो. अर्धा मिलिमीटरपर्यंत दळायचं तर रबर आधी द्रव नायट्रोजनमध्ये ठिसूळ करावं लागतं; साध्या दळणयंत्रात ते तापून चिकटतं. मात्र भुग्यावरचा निकाल अखंड वस्तूला लावू नका. अहवालात जाडी किंवा कणांचा आकार लिहिलेला नसेल तर आधी तो मागवून घ्या, बाकीचं नंतर वाचा.